पायलट रीडिंग

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनचं पहिलं रीडिंग म्हणजे पायलट रीडिंग. ब्युरेटचा, म्हणजे आकडे कोरलेल्या काचनळीचा, कॉक सरळ उघडा सोडायचा, हातातला कोनिकल फ्लास्क गरागरा फिरवायचा आणि गुलाबी रंग साधारण कुठे येतो तेवढं बघून ठेवायचं. तेरा-चौदाच्या मध्ये कुठेतरी, असं. मग खरी तीन रीडिंगं, शेवटी शेवटी थेंबाथेंबानं, आणि त्यांतून जे जुळेल ते सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पायलट रीडिंग जर्नलमध्ये लिहायचं, पण गणितात धरायचं नाही. १९९१ साली सांगलीत आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, "पायलट चुकला तरी विमान पडत नाही."

माझ्या मुलीनं अकरावीत असताना कॉलेजचे चार कोर्स घेतले, तेव्हा आमच्या लेखी ते पायलट रीडिंगच होतं. शाळेत तर आहे. करून बघेल. जमलं तर क्रेडिट, नाही जमलं तर अनुभव. खरं कॉलेज पुढे सुरू व्हायचंच आहे. हा समज फुटायला मध्ये साडेपाच वर्षं जावी लागली.

आम्ही ओहायोत राहतो, कोलंबसच्या एका उपनगरात. इथे २०१५ पासून कॉलेज क्रेडिट प्लस नावाची योजना आहे. सातवी ते बारावीची मुलं शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊ शकतात. सरकारी कॉलेजात घेतले तर फी नाही, पुस्तकंही शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून. मार्क शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरही येतात आणि कॉलेजच्याही. तेव्हा मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत या योजनेशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाच्या मुलाचं अख्खं वर्ष वाचलं होतं, कुणाची मुलगी शाळा संपताना जवळपास असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्री घेऊनच बाहेर पडणार होती. फुकट ते पौष्टिक हे आपलं राष्ट्रीय ब्रीद, ते काय सातासमुद्रापलीकडे विसरतं थोडंच? त्यात "कॉलेजचं केमिस्ट्री करतेय, अकरावीत!" हे वाक्य सांगलीला फोनवरून सांगताना माझा आवाज किती चढायचा, ते नवऱ्यानं मला नंतर ऐकवलं.

तर २०१७ च्या फॉलमध्ये, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या सत्रात, जनरल केमिस्ट्री, लॅब धरून पाच क्रेडिट, आणि इंग्रजी कॉम्पोझिशन तीन. स्प्रिंगमध्ये प्रीकॅल्क्युलस पाच, सायकॉलॉजी तीन. केमिस्ट्रीचा वर्ग मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. वर्गात हीच सगळ्यांत लहान. शेजारच्या बाकावर दोन लेकरांची आई, दिवसभर नर्सिंग होममध्ये काम करून आलेली. पलीकडे सैन्यातून परतलेला एकजण. लॅबमध्ये कुणी हाताला धरून शिकवायचं नाही. पहिल्याच टायट्रेशनला हिचा फ्लास्क जांभळट गुलाबी झाला, अगदी सरबतासारखा. घरी येऊन तिनं फोटो दाखवला. मी म्हटलं, अगं, रंग दिसतोय न दिसतोय असा हवा, पांढऱ्या टाइलवर ठेवून बघायचं, एवढा गडद म्हणजे तू पुढे निघून गेलीस. ती म्हणाली, "आई, परत करायला वेळच नव्हता."

ऑक्टोबरात माझे वडील घरातच पडले, खुब्याचं हाड मोडलं. दिवाळी त्या वर्षी १९ ऑक्टोबरला होती. ऑपरेशन, दिवाळी आणि आजोबांची नातीला बघायची ओढ, असं सगळं एकत्र आलं आणि मी मुलीला घेऊन निघाले. अडीच आठवडे. शाळेनं रजा समजून घेतली. कॉलेजनं घेतली नाही, आणि घ्यावी तरी का? लेखी नियम होता: चुकलेल्या लॅबला शून्य. मिडटर्मही बुडाली. परत आल्यावर प्राध्यापकांचा मेल आलेला, नीट, सभ्य: इथून बी येणं अवघड आहे; अमुक तारखेपर्यंत कोर्स सोडता येईल, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येईल, विथड्रॉ.

मुलीला सोडायचा होता. नवराही म्हणाला, सोडू दे. इतक्या उशिरा सोडला तर डिस्ट्रिक्ट फीचे पैसे परत मागू शकतं, तर भरू. नाही म्हणाले ती मी.

याला कारण आहे, आणि ते केमिस्ट्रीच्याही आधीचं आहे. आमच्या वेळी सीईटी नव्हती, नीट नव्हती. बारावीचे पीसीबीचे तीनशेपैकी मार्क आणि मेडिकलची यादी. ती माझ्यापासून तीन मार्कांवर थांबली. घरी कुणी काही बोललं नाही. आईनं त्या दिवशी पुरणपोळ्यांचा बेत केला होता, तो तिनं मोडला नाही, एवढंच. मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, मग एम.एस्सी., आणि आता इथे एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे. वाईट काहीच झालं नाही. पण त्या निकालातून मी एक गोष्ट घेऊन उठले, की मार्क शेवटच्या दिवशी ठरतात, तोवर बाक सोडायचा नाही. मधल्या चाचण्या, सहामाही, प्रिलिम, यांची आमच्या पिढीत कुणाला फिकीर होती? प्रिलिमला नापास झालेली मुलं बोर्डात झळकायची. एक निकाल यायचा आणि मागचं सगळं पुसून टाकायचा, चांगलंही आणि वाईटही.

"अर्ध्यातून उठायचं नाही," मी म्हटलं. "डब्ल्यू म्हणजे पळून गेल्याचा शिक्का."

डिसेंबरात सी आला. मी तिला म्हटलं, सी म्हणजे पासच की.

नंतर वरवर सगळं ठीक झालं. प्रीकॅल्क्युलसला बी, इंग्रजी आणि सायकॉलॉजीला ए. २०१९ मध्ये ती राज्यातल्याच मोठ्या युनिव्हर्सिटीत गेली. युनिव्हर्सिटीनं आधीचे सोळा क्रेडिट मान्य केले, पण नुसते क्रेडिट. ग्रेड धरली नाही. तिचा जीपीए, म्हणजे ए ला चार, बी ला तीन, सी ला दोन असे धरून काढलेली ग्रेडची सरासरी, कोऱ्या पाटीवर सुरू झाला. आम्ही म्हटलं, बघ, पायलट रीडिंग गेलं. मग जनरल केमिस्ट्रीचा दुसरा भाग ए, ऑरगॅनिकला ए मायनस, बायोकेमिस्ट्री ए. मध्येच २०२० चा स्प्रिंग कोविडमध्ये गेला, त्या सत्रातले काही विषय तिनं पास-नापासवर घेतले. तिसऱ्या वर्षी जीपीए ३.८६. इथे मेडिकल पदवीनंतर, आणि तिला तिकडेच जायचं होतं. मेडिकलला प्रवेश मिळवणाऱ्यांची देशभरातली सरासरी ३.८ च्या जवळपास असते, तेव्हा हा आकडा मी मनातल्या मनात देव्हाऱ्यात ठेवला होता.

तो देव्हाऱ्यातून खाली आला युनिव्हर्सिटीच्या प्री-हेल्थ सल्लागारांच्या खोलीत. खोलीत मी नव्हते, मुलीनं घरी येऊन सांगितलं. अमेरिकेतल्या बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एकाच खिडकीतून जातो, तिचं नाव ॲमकास. ही खिडकी तुमच्या युनिव्हर्सिटीचा जीपीए विचारात घेत नाही. ती स्वतःचा काढते. त्यासाठी शाळा सुटल्यानंतरच्याच नव्हे, तर आयुष्यात घेतलेल्या प्रत्येक कॉलेज कोर्सचं ट्रान्सक्रिप्ट मागते, ज्या ज्या कॉलेजात पाऊल ठेवलं त्या प्रत्येकाकडून, ते क्रेडिट पुढे कुठे वळते झाले असोत वा नसोत. शाळेत असताना घेतलेले कोर्स अर्जात वेगळ्या खुणेनं लिहायचे, एच.एस. म्हणून, आणि त्यांच्या ग्रेड एकूण गणितात येतात. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तरी जुना सी जात नाही. दोन्ही धरले जातात. ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे डीओ कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची. ती सवलतही २०१७ मध्ये संपली. म्हणजे बरोबर त्याच वर्षी, ज्या वर्षी ही लॅबमध्ये गुलाबी सरबत करत होती.

डब्ल्यूचं काय, मी विचारलं.

"डब्ल्यू जीपीएमध्ये धरत नाहीत, आई."

ती एवढंच म्हणाली आणि फ्रीज उघडून दही शोधायला लागली.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. लॅबवालीला दुसरं काय सुचणार? युनिव्हर्सिटीतले ग्रेड असलेले क्रेडिट ११०, जीपीए ३.८६. त्यात शाळेतले सोळा मिळवले, की एकूण ३.७६ होतो. हे चालण्यासारखं वाटलं. पण ॲमकास दुसराही एक आकडा काढते, बीसीपीएम: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स, एवढ्यांचाच. युनिव्हर्सिटीतले विज्ञान-गणिताचे साठ क्रेडिट ३.८० वर होते. त्यात पाच क्रेडिटचा सी आणि पाच क्रेडिटचा बी घातला आणि आकडा ३.६१ वर आला. साठांत दहा मिळवले तर एवढा धक्का? मी सूत्र तीनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. केमिस्ट्रीला पाच क्रेडिट असतात हे तेव्हा मला भारी वाटलं होतं. तीन क्रेडिटच्या एखाद्या विषयात सी आला असता, तर इतकं खाली आलं नसतं.

याच्या उलट गंमत एपीची, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांची. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं त्याच वर्षी शाळेतच एपी केमिस्ट्री घेतलं, परीक्षेत पाचापैकी तीन मिळाले. ते तीन आज कुणाला माहीत नाहीत. एपीच्या परीक्षेचा आकडा मेडिकलच्या जीपीएत येतच नाही. एपीचं क्रेडिट चालवायचं की वरच्या पातळीचा विषय घ्या म्हणायचं, हे प्रत्येक मेडिकल कॉलेज आपापलं ठरवतं, त्यामुळे यादी काढून बघावं लागतं, पण जुना डाग म्हणून तो कुठे उमटत नाही. दोन्ही मुलं सोळा वर्षांची, दोन्ही एकाच रसायनशास्त्रात धडपडलेली. एकाची धडपड शाळेत राहिली. दुसरीची कायमच्या कागदावर गेली, कारण आम्हाला "कॉलेजचं" हा शब्द जास्त गोड लागला. कॉलेजचे कोर्स शाळेत घेऊच नयेत, असं मी म्हणणार नाही. इंग्रजी आणि सायकॉलॉजीच्या ए ग्रेडही त्याच सोळा क्रेडिटांत आहेत आणि त्याही तितक्याच कायमच्या आहेत. पण ज्या मुलाला पुढे मेडिकलला जायचंय, त्याचं सोळाव्या वर्षीचं विज्ञान हा सराव नसतो, हे मंडळातल्या रांगेत मला कुणीही सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही, हे जास्त खरं.

२०२३ च्या मे महिन्यात तिनं अर्ज भरायला घेतला. एकेक कोर्स हातानं लिहायचा, ट्रान्सक्रिप्टवर असेल अगदी तसा, आणि मग त्यांची माणसं ओळ अन् ओळ ताडून बघतात. मोसमात या तपासणीला कित्येक आठवडे लागतात, म्हणून सगळ्यांची घाई. जुन्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागवायला गेली, तर खात्याला जोडलेला मेल शाळेचा, आणि शाळेनं तो कधीच बंद केलेला. ती तेव्हा दवाखान्यात स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपायचं, काम करायला लागली होती, दिवसा फोन करता येईना. मी म्हटलं, मी करते. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की १९७४ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजची कागदपत्रं ही विद्यार्थ्याचीच, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. मी म्हटलं, पण तेव्हा ती सोळा वर्षांची होती, मीच सही केली होती. बाई म्हणाल्या, कॉलेजात नाव घातलं त्या दिवसापासून हक्क तिचा, वय कितीही असो.

म्हणजे बघा. कोर्स सोडू नकोस म्हणायचा हक्क मी बजावला होता तेव्हाही कागदावर तो माझा नव्हताच.

पुढची चूक मात्र बापाची, हे नोंदवून ठेवते. २०१७ मध्ये कॉलेजचा फॉर्म त्यानं भरला होता, आणि आपल्या पासपोर्टाच्या सवयीनं 'फर्स्ट नेम'च्या चौकटीत मुलीचं नाव आणि त्याला जोडून स्वतःचं नाव घातलं होतं. युनिव्हर्सिटीत ती नुसत्या स्वतःच्या नावानं होती. ट्रान्सक्रिप्ट ॲमकासला पोचलं, पण हिच्या अर्जाला जोडलं जाईना. हिनं अर्जात पर्यायी नाव घातलं, फोन केले, वाट बघितली. तीन आठवडे. आजोबांच्या, पणजोबांच्या नावांनी कुणाचं अडलं नाही, ते बाबांच्या नावानं अडलं, असं म्हणून ती हसली. तिचे बाबा हसले नाहीत.

तपासून आलेला अर्ज तिनं मला दाखवला. त्यात एक तक्ता असतो. आडव्या ओळी वर्षांच्या: सर्वांत वर हायस्कूल, मग पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, आणि खाली बेरीज. उभे स्तंभ बीसीपीएम, इतर, एकूण. हायस्कूलच्या ओळीत बीसीपीएम २.५०. त्याच्या खाली सगळे आकडे साडेतीनच्या वर, आणि चौथ्या वर्षाला ४.००. मी बेरजेकडे बघत होते. ती म्हणाली, "आई, हे लोक बेरीज बघतात, पण आधी असं वरून खाली बघतात." तिनं बोटानं दाखवलं, वरून खाली. आमच्या मार्कशीटला वरून खाली बघायला काही नसायचं. एकच ओळ होती ती.

तरी मी खोटं कशाला बोलू? पहिल्या चाळणीत आकडा लावणारी कॉलेजं असतात, आणि त्यांतल्या काहींनी तिला काही विचारलंच नाही. नकार कशामुळे आला, हे कुणी कळवत नाही. ३.६१ मुळे आला, की आणखी कशानं, हे शोधायला मी जुलैपासून डिसेंबरपर्यंत रात्री जागले, आणि त्यातून निष्पन्न काय झालं तर माझं बीपी.

पहिल्या अर्जानंतर कॉलेजं आपापले प्रश्न पाठवतात, सेकंडरी म्हणतात त्याला. एका कॉलेजचा प्रश्न होता: तुमच्या शैक्षणिक नोंदीत काही खुलासा करण्यासारखं आहे का? मी आधीच मनात उत्तर लिहून ठेवलं होतं. आजोबांचं हाड, दिवाळी, विमान, परदेश, शून्य दिलेल्या लॅब. माणुसकी असलेला कुणीही विरघळला असता. तिनं लिहिलेलं मला टायपिंगच्या चुका बघायला दिलं. सहा वाक्यं होती. सोळाव्या वर्षी मी कॉलेजचं केमिस्ट्री घेतलं. घरच्या कारणानं तीन आठवडे मागे पडले. तेव्हा कोर्स सोडायला हवा होता किंवा मदत मागायला हवी होती. मी दोन्ही केलं नाही. नंतर मात्र पहिल्या आठवड्यापासून प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन बसायला शिकले. पुढच्या केमिस्ट्रीच्या सगळ्या ग्रेड त्यानंतरच्या आहेत.

"मी केलं नाही," असं लिहिलं होतं तिनं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता, तो सांगितला.

"आजोबांचं लिही ना," मी म्हटलं.

"ते त्यांना कशाला सांगायचं?" ती म्हणाली.

वडील २०१९ मध्ये गेले. नातीला सी मिळाला हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की ती दिवाळीला आली, वॉकर धरून त्यांना अंगणापर्यंत नेलं आणि कंदील लावला.

दोन मुलाखती झाल्या. एकीत केमिस्ट्रीचा विषय निघाला नाही. दुसरीत निघाला, तिच्या सांगण्याप्रमाणे दीड मिनिट. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आता एखादा विद्यार्थी असा अडकला, तर त्याला काय सांगशील? हिनं काय सांगितलं ते मला सांगत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिला मेडिकल कॉलेजचा पांढरा कोट मिळाला. एवढं पुरे, त्याचे फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत, इथे नको.

आता धाकट्याची पाळी. २०२५ मध्ये तो दहावीत होता. कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये फॉलपासून जायचं असेल तर एक एप्रिलच्या आत शाळेला कळवावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडला. सोबत हल्ली आणखी एक चिठ्ठी असते: कॉलेजच्या वर्गात प्रौढांसाठीचे विषय निघू शकतात, आम्हाला मान्य आहे. तिच्यावर आईबापाची आणि मुलाची, दोघांची सही. ती वाचून तो फिदीफिदी हसत होता. त्याला मेडिकलला जायचं नाही. म्हणजे आज तरी नाही; त्याला फॉलमध्ये स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं, क्रिकेटच्या आकड्यांसाठी. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती लायब्ररीत होती, हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं, ती म्हणेल घेऊ नको. तिनं विचारलं, "वर्ग किती वाजता? आणि काही खूण न राहता सोडायची शेवटची तारीख कोणती?"

त्याला माहीत नव्हती. मला तर नव्हतीच. तिनं तिथूनच कॉलेजचं कॅलेंडर शोधलं आणि सांगितलं: पाच सप्टेंबर.

मी कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं, सप्टेंबरचं पान उघडलं. पाच तारखेच्या चौकोनात लाल पेनानं लिहिलं, "स्टॅट्स — विचारणे." शेजारच्या चौकोनात अनंत चतुर्दशी होती. धाकटा म्हणाला, "आई, 'विचारणे' म्हणजे कोणाला?"

"तुला," मी म्हटलं, आणि सही केली.